कॅमेऱ्याच्या अलीकडचा माणूस

ज्या माणसाचा फोटो आणायला मी निपाणीला गेलो होतो, त्याच माणसाला मी फोटोतून कापून टाकलं आणि उरलेल्या फोटोला फ्रेम करून दिली.

हे काम मी घाईत केलं नाही. बेळगावच्या शहापुरात चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवलेल्या माणसाला जेवढं सावकाश आणि नेटकं काम जमतं, तेवढं सावकाश आणि नेटकं केलं. स्टीलची पट्टी लावली, कटर फिरवला, कडेवर फुंकर मारली. त्या फुंकरीबरोबर आपण कुणाला तरी उडवून लावतोय, असं मनातसुद्धा आलं नाही.

परवा निपाणीच्या स्टँडवर उतरलो आणि पहिल्याच श्वासाला शिंक आली, म्हणून हे सगळं पुन्हा वर आलं. माघातल्या निपाणीचा वास नाकात शिरत नाही, तो अंगावर येतो. कापलेली तंबाखू रानात उन्हाला पसरलेली असते. गूळ आणि मिरची एकाच तव्यावर भाजावी तसा तो वास. निपाणीकरांना त्याचं काही नाही. पाहुणा दारात आला की ते आधी त्याची शिंक होऊ देतात, मग पाणी विचारतात.

आमच्या सीमाभागात या दिवसांत दोन पिकं एकदम निघतात. निपाणीकडं तंबाखू आणि बेळगावकडं साहित्य संमेलनं. दोन्हींना कडक ऊन आणि मोकळं पटांगण लागतं, दोन्हींनी नवख्याच्या डोळ्यांत पाणी येतं आणि एकदा सवय लागली की सुटत नाही. गावोगावी शाळेच्या पटांगणात मांडव पडतात, ग्रंथदिंडी निघते, दुपारी भात-आमटीच्या पंगती उठतात. या दोन पिकांच्या मध्ये मी गेल्या माघात सापडलो.

झालं असं की मारुती सर स्टुडिओत आले. सर बेळगावजवळच्या एका गावच्या संमेलनाचे कार्यवाह. शाळेतून निवृत्त झालेत, पण छडी अजून आवाजात आहे.

"यंदा व्यासपीठाला सिदाप्पांचं नाव द्यायचं ठरलंय," सर म्हणाले.

"कोण सिदाप्पा?"

सरांनी माझ्या भिंतीवरच्या सगळ्या कॅमेऱ्यांकडं एकदा बघितलं, मग माझ्याकडं. "तुम्ही फोटोग्राफरच हाय न्हवं? मुक्या सिनेमाच्या काळात कोल्हापुरात कॅमेरा फिरवणारा माणूस. तुमच्या ह्या दुकानापास्नं तिसऱ्या बोळात जन्मलाय."

मग त्यांनी कामाचं सांगितलं. सिदाप्पांची मुलगी, गावात सगळे तिला आक्का म्हणतात, नव्वदीला टेकलेली. तिचं एकच मागणं होतं. बापाला हयातीत कुणी हार घातला नाही आणि मेल्यावर हार घालायला घरात फोटो नव्हता. तर एकदा, चारचौघांत, तिला बापाला हार घालायचा होता. "निपाणीत एका वखारीत फोटो हाय म्हणती," सर म्हणाले. "पर जायच्या आधी आक्काला भेटून जावा. ती सांगंल, बघायचं काय ते."

"सर, चाळीस वर्षं फोटोच बघतोय. मला फोटोतलं कळतंय."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला तर ते कुणी विसरूच देत नाही.

सिदाप्पांबद्दल आज मला जे माहीत आहे ते सगळं आक्कानं, तिच्या आईकडून ऐकलेलं, नंतर सांगितलं. पण नंतरचं आधी सांगतो, म्हणजे मी काय कापलं ते नीट कळेल.

शहापूरच्या विणकराच्या घरातलं पोर. बाप मागावर, चुलता मागावर, घरात दिवसभर धोट्याचा खटका. त्याला मात्र विणण्यात रस नव्हता. मागावरच्या साडीवर खिडकीतून ऊन पडायचं, ते बघत बसायचा. शेवटी घरच्यांनी हाकललं म्हणा की तो पळाला म्हणा, कोल्हापूरला एका सिनेमा कंपनीत पडदे रंगवायला लागला. कॅमेरा फिरवणारा माणूस एकदा तापानं पडला. मालकानं विचारलं, कोण फिरवेल? याचा हात वर.

तेव्हाचा कॅमेरा म्हणजे लाकडाची पेटी, तीन पाय आणि उजव्या बाजूला एक हँडल. हँडल सारखं एका चालीनं फिरवायचं. हात मंदावला की पडद्यावरची माणसं मुंग्यांसारखी पळणार, हात घाईला आला की तीच माणसं पाण्यात चालल्यासारखी चालणार. इतर कॅमेरावाले म्हणे तोंडातल्या तोंडात भजन म्हणून चाल धरायचे. मी आक्काला विचारलं, तुमचे वडील काय म्हणायचे? ती म्हणाली, "काय म्हणंल, बाळू? त्येच्या पोटात माग व्हता की."

जन्मापासून ऐकलेला तो खटका आत चालू असायचा, हात त्याच्यामागून जायचा. आणि एकदा चाल पक्की असली की ती मोडता येते. लढाईच्या वेळी तो हात जरा मंद ठेवायचा, मग पडद्यावर तलवारी लखलखायच्या. देव प्रकट व्हायचा असला की हात किंचित जलद करायचा, आणि देव आपला सावकाश, अंगावरचं रेशीम सांभाळत आल्यासारखा यायचा. लोक पडद्यापुढं नारळ फोडत. ते नारळ खरं म्हणजे सिदाप्पांच्या मनगटापुढं फुटत होते, पण मनगटाला कोण ओळखतो?

दुपारचं कडक ऊन नटीच्या तोंडावर डाग पाडतं, म्हणून त्यानं शहापूरहून बिनरंगाचं पांढरं कापड मागवलं आणि सेटवर छतासारखं ताणलं. उन्हाचं दूध झालं. ज्या घरानं त्याला हाकललं त्याच घराच्या मागावर विणलेलं ते कापड. एकाच माणसाला एका चित्रात दोनदा दाखवायचं असलं की फिल्म अंधारात मागं फिरवायची आणि त्याच फिल्मवर पुन्हा चित्र घ्यायचं. मागं किती गेली ते फक्त त्याच्या डोक्यात. चुकलं तर पहिलं चित्रही गेलं, दुसरंही गेलं. बघून खात्री करायची सोय नाही. मी आज मोबाईलवर नातवाचे ढीगभर फोटो काढतो, त्यातला एक ठेवतो, आणि तोही हललेला असतो.

मग बोलपट आले. कॅमेऱ्याला मोटर बसली. हँडल नको, पोटातला माग नको. कुणी त्याला जा म्हणालं नाही. पण हात रिकामा घेऊन तो किती दिवस उभा राहणार? कंपनीनं टाकून दिलेला जुना कॅमेरा घेऊन तो इकडं परतला आणि निपाणीतल्या एका तंबाखूच्या शेठच्या आधारानं हंगामात तंबूतला सिनेमा दाखवायला लागला. तंबाखूच्या कामाला चहूकडून माणसं यायची. सिदाप्पा दिवसा त्यांचंच चित्र घ्यायचा, चार-सहा हात फिल्म, आणि सिनेमा सुरू व्हायच्या आधी तंबूत दाखवायचा. पडद्यावर बायका तंबाखू झोडताना दिसायच्या, धूळ उडायची, आणि तंबूतली सगळी माणसं शिंकायला लागायची. लोक म्हणायचे, बघा, किती खरं काढलंय. आक्काचं म्हणणं, "लुगड्याला धूळ असायची रं बायांच्या, शिंका त्याच्या. पर माझ्या बानं कवा सांगितलं न्हाय तसं."

आक्का पाळण्यात होती तेव्हा सिदाप्पा गेला. फिल्मच्या पेट्या फिल्ममधली चांदी काढणाऱ्यांनी नेल्या. ज्या चित्रांपुढं नारळ फुटले त्यातलं एक हातभरही आज कुठं नाही. आणि त्याचा स्वतःचा फोटो? बायको म्हणायची, एक काढा की तुमचा. तो म्हणायचा, "मी म्होरं आलो तर मागं कोण?"

आता माझ्याकडं वळू.

वखारीचा आजचा मालक पुण्यात. फोनवर म्हणाला, घेऊन जा, वखार पाडायचीच आहे, कुठला फोटो ते मला काही माहीत नाही. राखणदारानं कुलूप काढलं. आत तंबाखू कधीची गेली होती, पण वास तसाच थांबून राहिलेला. भिंतीवर एकच फोटो होता. काच नाही, नुसता जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खिळ्याला टांगलेला. मी शिंकत शिंकत तो उतरवला आणि दारातल्या उन्हात धरला.

मागं पसरलेली तंबाखू. मध्ये लाकडी सिनेकॅमेरा, तीन पायांवर. त्याच्याशेजारी कोट-फेट्यातला धिप्पाड माणूस, एक हात कॅमेऱ्याच्या हँडलवर. मी मनात म्हटलं, हेच ते! काय रुबाब, काय नजर! मारुती सरांना तिथूनच फोन लावला. "सर, सापडले सिदाप्पा. माणूस बघताच कळतं, कलाकार आहे."

फोटोला एक खोट होती. तो काढणाऱ्या कुणी नवशिक्यानं ऊन पाठीशी घेतलं होतं आणि त्याची स्वतःची लांब सावली खालच्या कडेत आली होती. स्टुडिओत येणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो: फ्रेममध्ये आपली सावली येऊ द्यायची नाही. शिवाय त्या सावलीवर एक तांबूस डाग, ओल धरल्यासारखा. कड कुजलेली. मी घरी आल्यावर तेवढी पट्टी कापली, उरलेला फोटो पुसला, सोनेरी फ्रेममध्ये बसवला आणि बायकोला, मंगलला, दाखवला.

ती म्हणाली, "कॅमेरावाला वाटत नाही हो. जेवून उठलेला वाटतोय."

मी म्हटलं, तुला फोटोतलं काय कळतं.

संमेलनाचा दिवस. शाळेच्या पटांगणात मांडव, व्यासपीठावर माझी सोनेरी फ्रेम, खाली पहिल्या रांगेत मी, इस्त्रीच्या सदऱ्यात. आक्का आली. दोघींच्या आधारानं, हातात झेंडूचा हार. हार तिनं स्वतः ओवलेला. पायऱ्या चढून ती फ्रेमसमोर उभी राहिली. हार उचलला, आणि तसाच धरून ठेवला.

"ह्यो कोण?"

मारुती सर पुढं झाले. "आक्का, तुमचे वडील."

"माझा बा? ह्यो तंबाखूचा शेठ हाय! हात बघ की त्येचा. हँडल धरलंय का म्हशीचं शेपूट धरलंय?"

मांडव हसला. मीही हसलो, कारण अजून मला कळलं नव्हतं की हसतायत कुणाला. सरांनी माझ्याकडं बघितलं. मी वर गेलो.

"आक्का, फोटोत हा एकच माणूस होता."

"खाली न्हवता?"

"खाली?"

"खाली रं, शेठच्या बुटापशी. सावली. तीन पायांची पेटी आन् बाजूला हात वर केलेला माणूस. ती सावली म्हंजी माझा बा. फोटो त्येनंच काढलाय न्हवं!"

हसू थांबलं. आक्का माझ्याशीच बोलत होती, माईक जवळ होता म्हणून सगळ्यांना ऐकू येत होतं. "आई त्या वखारीत पानं निवडाय जायची. दर हंगामाला शेठला विचारून मला खुर्चीवर उभी करायची. माझं बोट गंधात बुडवून त्या सावलीच्या कपाळाला लावायची. म्हणायची, पाया पड, ह्यो तुझा बा. मला त्येचं तोंड ठावं न्हाय. त्येवढीच ठावं हाय."

तांबूस डाग. मी ओल म्हटलं होतं त्याला.

"मग सावली कुठं हाय?" तिनं विचारलं.

"कापली," मी म्हणालो. दुसरा शब्द मराठीत असला तर मला त्या वेळी सुचला नाही.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. व्यासपीठावरच्या खुर्चीत बसली, हार मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "बघ जा मिळती का. मी बसते हितंच. हार परत न्यायचा न्हाय मला."

मांडवाच्या मागं जाऊन मी मंगलला फोन लावला. "अगं, त्या फोटोची खालची पट्टी कापली होती, पुठ्ठ्याची, ती कचऱ्यात टाकलीस?"

"काळपट? लांबुडकी?"

"हां, तीच!"

"ती होय. शिलाई मशीन हलत होतं, घडी करून पायाखाली घातलीय. बरं बसलंय आता."

"हात लावू नको! मशीनला हात लावू नको!"

"अहो, मग ब्लाऊज शिवू का नको?"

स्कूटरवरून बेळगावला येताना रस्ता नेहमीचाच होता, पण मला दोन्ही बाजूंना नुसत्या सावल्या दिसत होत्या. विजेच्या खांबांच्या, उसाच्या गाड्यांच्या, चालणाऱ्या माणसांच्या. आयुष्यभर मी या सगळ्या फ्रेमबाहेर ठेवल्या होत्या. डोक्यात एकच: ती घडी. पुठ्ठा जुना, घडीवर तुटणार. ती कुठं बसली असेल? माणसावर बसली असली तर?

आम्ही दोघांनी मशीन उचललं. पट्टी निघाली. घडीवर तुटलेलीच होती. पण घडी बसली होती बरोबर पेटी आणि माणूस यांच्या मध्ये. एका तुकड्यावर तीन पायांचा कॅमेरा, दुसऱ्यावर माणूस, अख्खा. डोक्याला टोपी, उजवा हात वर, हातात लेन्सचं झाकण, जे काढून तेव्हा फोटो घेत. आणि कपाळावर तो डाग, एका लहान बोटाएवढा. ज्यांना मोटरनं वेगळं केलं, त्यांना शेवटी मशीनच्या पायानंही वेगळं केलं. पण माणूस वाचला.

"ह्यात माणूस कुठाय?" मंगल विचारत होती, मग तुकडा तिनं खिडकीकडं धरला. तिला दिसला होता. मला दिसायला तीन दिवस आणि चारशे माणसं लागली. तिनं शिवायला घेतलेल्या खणातून एक तुकडा कापला, त्यात दोन्ही तुकडे गुंडाळले आणि म्हणाली, "नुसता कसा न्यायचा माणसाला."

मी पोचलो तेव्हा कविसंमेलन रंगात आलं होतं. मारुती सरांनी ते थांबवलं. आमच्याकडं ही लहान गोष्ट नाही. वीज गेली तरी कवी थांबत नसतात. आक्का त्याच खुर्चीत होती, हार मांडीवर. झेंडू थोडा मलूल झालेला.

टेबलावर खण पसरला, त्यावर दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवले. आक्का वाकली. मग तिनं पिशवीतून गंधाची डबी काढली, बोट बुडवलं आणि त्या जुन्या डागावर बरोबर टेकवलं. आता बोट मोठं होतं, डाग सगळा झाकला गेला. हार सावलीपेक्षा कितीतरी मोठा. वर घातला तर माणूस दिसेना. तिनं तो उचलून सावलीच्या भोवती गोल मांडला, रांगोळीसारखा.

शेठच्या फ्रेमकडं बोट करून सर म्हणाले, "हे काढू या का?"

"राहू दे की. इतकी वर्सं त्येच्याच भिंतीवर ऱ्हायला माझा बा."

मग गाव रांगेनं आलं. फोटो बघायला मान वर करतात, इथं सगळे वाकत होते.

त्या दुपारी आक्कानं उरलेलं सांगितलं. बायकोनं फारच धरलं तेव्हा सिदाप्पा म्हणाला होता, बरं, येतो फोटोत. शेठला सिनेकॅमेऱ्याशेजारी उभं केलं, आपला फोटोचा साधा कॅमेरा समोर लावला आणि थांबला. शेठ वैतागले, उन्हं उतरायला लागली, तरी थांबला. मी फोटोग्राफर असल्यामुळं मला तेव्हा कुठं त्या थांबण्याचा अर्थ लागला. उतरत्या उन्हात सावली क्षणाक्षणाला लांबते. जरा लवकर काढला असता तर डोकं फ्रेमच्या खाली राहिलं असतं. जरा उशीर केला असता तर सावली शेठच्या अंगावर चढली असती. त्यानं ती बुटापाशी आणून थांबवली. टोपीच्या टोकासकट. आणि मग झाकण काढून हात वर धरला. हलू नका, असं सांगणारा तो हात. त्या एका क्षणापुरता तो मागंही होता आणि पुढंही. नवशिक्या म्हटलं होतं मी त्याला.

पट्टी मी नंतर मूळ फोटोला जोडली. सांधा दिसतो. लपवायची कला मला येते, वापरली नाही.

त्याच संध्याकाळी, पंगती उठल्यावर, मला हुरूप आला. म्हटलं, आक्काचा फोटो काढायचा, मांडीवर तिच्या बापाची सावली, आणि खालच्या कडेला माझी. सिदाप्पांना माझा नमस्कार! शाळेच्या पायरीवर तिला बसवलं, ऊन पाठीशी घेतलं, हात वर केला, थांबलो. सर म्हणाले, "आता काढा की." मी म्हटलं, "सर, कलेत थांबावं लागतं." सिदाप्पांनी एकच काढला होता, म्हणून मीही एकच काढला, आणि तो न बघता मोबाईल खिशात ठेवला.

परवा निपाणीचं काम उरकून येताना तो फोटो द्यायला आक्काकडं गेलो. छान मोठा करून, फ्रेम करून. वर्षभर उशीर झाला होता, त्याला कारण होतं. ते तिला फ्रेम हातात घेतल्या घेतल्या कळलं. तिनं फोटो उन्हात धरला, लांब धरला, जवळ धरला. मी म्हटलं, "आक्का, तुमच्या वडिलांसारखाच काढायचा प्रयत्न केला."

"व्हय, दिसतंय की," ती म्हणाली. "माझ्या बानं सावली शेठच्या बुटापशी थांबवलीती, बाळू. तू माझ्या तोंडावर पाडलीस."